टामीचा आवाज : जुन्या लॉऱ्या, घाट आणि क्लीनर

फाळका
मंडळी, परवा माळा आवरताना गोणपाटात गुंडाळलेली टामी, म्हणजे लॉरीवरची लोखंडी दांडी, सापडली. दोन-सव्वादोन फूट लांब, एक टोक चपटं, दुसरं किंचित वाकलेलं. बायको म्हणाली, भंगारात देऊन टाकू. अण्णांनी खुर्चीतूनच "ठेव ती खाली" म्हटलं आणि विषय संपला.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७८, राहणार निफाडकडचे. १९६४ साली क्लीनर म्हणून गाडीवर चढले, १९७१ ला हेवीचं लायसन काढलं आणि २००४ ला कायमचे खाली उतरले. जास्त करून कांदा. लासलगाव, पिंपळगाव भरायचं आणि कसारा घाट उतरून मुंबई. आधी माल शहरातच जायचा, पुढे कांदा-बटाटा मार्केट वाशीला गेलं तेव्हापासून वाशी.

त्यांना डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही. इंजिन केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला लागून, वर नुसतं पत्र्याचं झाकण. तेहतीस वर्षं तो कान इंजिनाकडे. आमच्या घरी पाहुणा आला की त्याला आपोआप अण्णांच्या उजव्या बाजूच्या खुर्चीवर बसवतात. का ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत मी दोन वर्षं त्यांच्यासोबत फिरलो आहे, म्हणजे बिनपगारी क्लीनर. टामीचं काम तेव्हाच शिकलो. गाडी चहाला थांबली की क्लीनरनं चहा प्यायच्या आधी खाली उतरून सगळ्या टायरांवर टामी मारत एक फेरी मारायची. मागं जोडचाकं असतात. आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरचा टायर गाडी उचलून धरतो, नुसतं बघून काही कळत नाही. टामी मारली की हवा भरलेला टायर टण्ण करून टामी परत फेकतो. बसलेला टायर धप्प करतो आणि टामी तिथंच राहते. दुसरं काम जोडचाकांच्या मधे अडकलेला दगड काढायचं. तो दगड ऐंशीच्या स्पीडला सुटला तर मागच्या मोटारसायकलवाल्याचं काय होईल ते सांगायला नको. टामीचं चपटं टोक त्याच्यासाठी.

तुमच्याकडे किंवा तुमच्या घरात कुणी लॉरीवर असेल तर लिहा. कुठली गाडी, कुठला माल, कुठला घाट. वर्तमानपत्री "रस्त्याचे राजे" छापाचं नको, खरं लिहा.

सहाटायर
वा! फाळका हे नाव घेतलंत तिथंच अर्धं काम झालं. फाळका म्हणजे हौद्याची उघडणारी फळी, हे आजच्या किती पोरांना माहीत आहे विचारा.

मी कोल्हापूरचा, वय ६९. आमचा माल गूळ, गुजरातकडं जाणारा. तीस-तीस किलोचे रवे, थरावर थर लावायचे. गुळाला पाणी म्हणजे विष. पावसाळ्यात दोन ताडपत्र्या, मधे गवत, वरून दोर आवळून आवळून हाताची सालं जायची. एका कोपऱ्यातनं पाणी शिरलं तरी सुरतेला पोचेपर्यंत त्या कोपऱ्यातला गूळ पाघळून फाळक्यातनं खाली गळायचा आणि मुंग्या गाडीसोबत गुजरात फिरून यायच्या.

गाडी लेलँड कॉमेट. तिचा गिअर म्हणजे काय, आत्ताच्या गाड्यांसारखं क्लच दाबला आणि दांडी सरकवली असलं नाही. डबल क्लच. वरचा गिअर घ्यायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोड, परत दाब, मग गिअर. खालचा घ्यायचा असेल तर न्यूट्रलमधे असताना मधेच रेस द्यायची, बरोब्बर जेवढी पाहिजे तेवढी. कमी पडली की गिअरबॉक्स दात विचकल्यासारखा ओरडणार, जास्त झाली तरी ओरडणार. ती किती द्यायची हे कुठल्या काट्यावर दिसत नव्हतं. कानावर चालायचं सगळं. आमचा उस्ताद, म्हणजे ज्याच्या हाताखाली शिकलो तो ड्रायव्हर, गिअर ओरडला की मागं न बघता टपली मारायचा. मला ड्रायव्हर व्हायला पाच वर्षं लागली, त्यातली पहिली दोन फक्त ग्रीस मारण्यात गेली.

खंबाटकी तेव्हा बोगद्याशिवाय. पुण्याकडं जाताना भरली गाडी घेऊन वाईच्या अंगानं चढायचं. पहिला गिअर, माणूस चालंल तेवढा स्पीड. क्लीनर खाली उतरून हातात लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकाशेजारनं चालायचा. गाडी अडली, मागं सरकली, की ठोकळा चाकाखाली. मी चाललोय तसा. संपूर्ण घाट. एकदा नव्हे, किती वेळा ते मोजलं नाही.

घाटमाथा
खंडाळ्याच्या घाटात शिंगरोबाला नाणं टाकल्याशिवाय आमच्या काकांची गाडी पुढं जात नसे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, असं सांगतात. एक्स्प्रेसवे २००२ ला पूर्ण झाला, त्याच्यावरून शिंगरोबा लागत नाही. काका तरीही जुन्या रस्त्यानं जायचे. मालक टोल वाचला म्हणून खूष, काका वेगळ्या कारणानं.

फाळका
@सहाटायर, ठोकळ्याचं वाचून अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "विचार त्याला, पायात काय होतं?" चप्पल होती का?

सहाटायर
टायरची चप्पल. अजून काय असणार.

नागपूरकर_चासी
तुम्ही सारे केबिनमधे बसून गाडी हाकलेले लोक भाऊ. मी चासी हाकलली आहे. १९७९ ते १९८८.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा कारखान्यातून ट्रक निघे तो बहुतेक वेळा नुसता सांगाडा. चार-सहा चाकं, इंजिन, स्टीअरिंग, डिझेलची टाकी. केबिन नाही, दार नाही, काच नाही, मागं हौदा नाही. बॉडी ज्याची त्यानं आपल्या गावी सुताराकडून बांधून घ्यायची. मग तो सांगाडा जमशेदपूरहून डीलरपर्यंत पोचवायचं काम आमचं. बहरागोडा, क्योंझर, संबलपूर, रायपूर, राजनांदगाव, भंडारा, नागपूर. आठ-दहा गाड्यांचा काफिला निघे.

बसायला लाकडी खोकं, त्याच्यावर गादीचा तुकडा. तोंडाला गमछा, डोळ्याला गॉगल. गॉगल फॅशनचा नाही, तो नसेल तर संध्याकाळी दिव्यावर आलेले किडे सरळ डोळ्यात. पाऊस आला तर पाऊस अंगावर. जानेवारीत संबलपूरच्या पुढं जंगलात पहाटे अशी थंडी वाजे की हात स्टीअरिंगवरून सुटत नसे, अक्षरशः बोटं उलगडावी लागत. वर्तमानपत्रं शर्टाच्या आत छातीला लावायचो. दिवसाचा पेपर त्या कामाला लई चांगला.

लोकांना वाटे रिकामी गाडी, सोपं काम. उलट आहे. पाट्यावर, म्हणजे स्प्रिंगवर, वजन नाही, म्हणून खड्ड्यात मागचं धूड उड्या मारते. ब्रेक जरा जोरात लागला की मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी. भरलेली गाडी हळू थांबते, पण सरळ थांबते.

पोचवली की सही घ्यायची, खोकं आणि गादी काखेत मारायची आणि रेल्वेच्या जनरल डब्यात बसून परत टाटानगर. तिकीट तपासनीस खोक्याकडं बघून ओळखे.

आमच्यासोबत क्लीनर नसे. चासीवर दुसऱ्या माणसाला बसायला जागाच कुठं होती?

कट्ट्यावरचा
मस्त धागा. एक शंका : अण्णांची पहिली गाडी मर्सिडीज होती का? आमच्या गल्लीतले म्हातारे टाटाच्या गाडीला अजून "मर्शडी" म्हणतात, आम्ही हसायचो.

फाळका
हसू नका, बरोबर म्हणतात ते. टेल्कोनं, म्हणजे टाटांच्या ट्रक कंपनीनं, १९५४ ला डायमलर-बेंझशी करार केला, तो पंधरा वर्षं चालला. तोवर ट्रकच्या नाकावर तीन टोकांचा ताराच असायचा. १९६९ ला करार संपल्यावर ताऱ्याच्या जागी टाटांचा टी आला. गाडी तीच, माणसं तीच, मग नाव कोण बदलतंय.

पण अण्णांची पहिली गाडी ती नव्हे. पहिली फारगो, कुर्ल्याच्या प्रीमियरची. पेट्रोलवर चालणारी. पुढं मालकानं ते इंजिन काढून पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवलं. पेट्रोल असेतो ती हँडल मारून चालू व्हायची आणि हँडल मारणं हे क्लीनरचं काम. अण्णांचं वय तेव्हा सोळा. उस्तादानं पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. हँडल धरताना अंगठा दांडीभोवती गुंडाळायचा नाही, चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. इंजिननं उलटा झटका दिला तर हँडल नुसतं बोटांतून निसटतं. अंगठा पलीकडे असेल तर मनगट जातं. अण्णा आजही बादली उचलताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवतात. मी कालच पाहिलं, आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

मर्सिडीजवर ते ड्रायव्हर म्हणून बसले, नंतर मालकानं टाटांची १२१० घेतली. तिच्यावरच सगळ्यात जास्त वर्षं काढली.

घाटमाथा
१२१० म्हणजे बारा टन आणि शंभरच्या आसपास घोडे, बरोबर ना? ४०७ म्हणजे चार टन, सत्तर. लहानपणी आम्ही गाड्यांच्या नंबरवरून हा हिशेब करत बसायचो.

सहाटायर
बारा टन म्हणजे गाडीसकट वजन. नुसता माल नव्हे. अर्थात हे आम्हाला माहीत होतं, भरणाऱ्याला माहीत नव्हतं.

पायरीवर
मी ड्रायव्हरची मुलगी. रत्नागिरीकडची. तुमचं सगळं वाचतेय, आवडतंय, पण केबिनच्या बाहेरचंही कुणीतरी लिहायला हवं.

आमच्या बाबांची गाडी सीझनला आंब्याची. पेट्यांत भाताचा पेंढा, त्यात आंबा. संध्याकाळी भरून निघायची आणि रात्रभर चालून पहाटेच्या लिलावाला मुंबईत पोचायची. बाबा परत आले की त्यांच्या शर्टाला पेंढ्याचा आणि डिझेलचा मिळून एक वास यायचा. मला अजून कुठंही भाताची उडवी दिसली की मागोमाग डिझेलचा वास येतो, नसला तरी.

फोन नव्हता. गाडी कुठवर आली हे कळायचं दुसऱ्या गाडीवरून. परतीचा कुणी ड्रायव्हर आमच्या पायरीपाशी गाडी हळू करायचा आणि खिडकीतून ओरडायचा, "पोलादपूरला पाहिली!" म्हणजे कशेडी घाट उतरली, म्हणजे काळजी नाही. आई मग भात टाकायची. कुणीच ओरडलं नाही तर भात नाही. ती म्हणायची, आधीच शिजवला की गाडी अडते.

एका वर्षी अडलीच. घाटात मागचा ॲक्सल तुटला. दोन दिवस गाडी कडेला, मे महिना, आंबा पेट्यांतच पिकत गेला. मुंबईहून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली ती निम्म्याचीही नव्हती. बागायतदार हुंडेकऱ्यावर, म्हणजे माल पोचवण्याचा ठेका घेणाऱ्यावर, चिडला, हुंडेकऱ्यानं ते पैसे बाबांच्या भत्त्यातून दरमहा कापले. ॲक्सल बाबांनी तोडला नव्हता. गाडी किती भरायची हे ठरवायला बाबा नव्हते. सव्वा वर्ष कापले.

आणि त्या दोन दिवसांत गाडीजवळ कोण बसलं होतं? क्लीनर. बाबा पार्ट आणायला महाडला गेले, क्लीनर पेट्या राखत तिथंच. पंधरा-सोळा वर्षांचा होता. जेवण काय केलंस विचारलं तर म्हणाला, आंबे.

कट्ट्यावरचा
_/\_

सहाटायर
ताई, हे खरं आहे. भरणारा वेगळा, कापणारा वेगळा, मधे आम्ही.

डिझेलचंही तसंच. मालक ॲव्हरेज मागायचा. मग काही जण घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायचे, इंजिन नुसतं फुरफुरत ठेवायचं, तेवढंच डिझेल वाचतं म्हणून. त्यात गाडीला फक्त ब्रेक धरून ठेवतात. ब्रेक तापला की धरत नाही. आमच्या उस्तादाचा नियम : भरली गाडी ज्या गिअरला घाट चढली असती त्याच गिअरला उतरवायची. इंजिन ओरडू दे, तू ओरडू नको.

घाटमाथा
आमचे काका न्यूट्रलच करायचे. काही झालं नाही कधी.

सहाटायर
ज्यांना झालं ते इथं लिहायला नाहीत.

नागपूरकर_चासी
बरोबर बोलला भाऊ.

फाळका
अण्णा इगतपुरीला कसाऱ्याच्या आधी थांबायचेच. चहा हा बहाणा. ब्रेकची हवा काट्यावर पूर्ण आली का बघायची, हवेच्या टाकीखालचा कॉक सोडून साचलेलं पाणी काढायचं, चाकांच्या ड्रमजवळ हात धरून कुठलं जास्त तापलंय ते बघायचं. हे हात धरायचं काम माझं. हात लावायचा नाही, जवळ धरायचा.

कांद्याची एक गोष्ट राहिली. ताडपत्री सगळीकडून घट्ट बांधली की कांदा आत घामेजतो आणि सडतो. म्हणून बाजू उघड्या ठेवायच्या. पाऊस आला की बांधायची, गेला की सोडायची. भर रात्री, चालू पावसात, गोण्यांवर चढून. क्लीनरची झोप म्हणजे ताडपत्री बांधणं आणि सोडणं यांच्या मधला वेळ.

१९७२ च्या दुष्काळात कांदा नव्हताच. त्या वर्षी अण्णांच्या गाडीनं मनमाडच्या धान्य गोदामातून मिलो वाहिला. लाल ज्वारी, अमेरिकेची. गावात गाडी शिरली की पोरं मागं धावायची. गोणीला भोक असेल तर सांडलेलं गोळा करायला बाया पाटी घेऊन यायच्या. अण्णा म्हणतात, फाटकी गोणी मुद्दाम फाळक्याकडे लावणारे क्लीनर होते. ते स्वतः त्यातले होते का, हे सांगत नाहीत. पुढं १९७४ ला मे महिन्यात रेल्वेचा संप झाला तेव्हा मालकानं वीस दिवस गाडीला थांबूच दिलं नाही.

चौदा_टायर
नमस्कार. वय ३४, चालू ड्रायव्हर, न्हावाशेवा ते नागपूर, इंदूर, कधी हैदराबाद. गाडी चौदा टायर. धागा दोन रात्री वाचतोय, पार्किंगमध्ये.

काका लोक, राग मानू नका. मला तुमची कॉमेट एक दिवसासाठी पण नको. पॉवर स्टीअरिंग नसलेली गाडी मी शिकताना एकदा वळवली, खांदे दोन दिवस दुखले. मुलुंडच्या जकात नाक्यावर रांगेत रात्र काढली हे वडिलांकडून ऐकलंय. जकात २०१७ ला गेली, बरं झालं गेली. टोलवर फास्टॅग आहे, थांबायला लागत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची केली, माझी जुनी आहे त्यामुळे मी अजून घामात, पण पुढच्याला मिळेल.

पण क्लीनरचं जे चाललंय ते वाचून लिहावंसं वाटलं. माझ्यासोबत क्लीनर नाही. आमच्या इथल्या बहुतेक गाड्यांवर नाही. परवडत नाही म्हणतात मालक. आणि पोरंही येत नाहीत, का येतील? दोन वर्षं ग्रीस मारायला? माझा मुलगा आला तर मीच हाकलून देईन.

आता हिशेब बघा. ताडपत्री मी एकटा बांधतो. गोडाऊनच्या गल्लीत गाडी मागं घ्यायची तर मी एकटा, उतर, बघ, चढ, परत उतर. पूर्वी क्लीनर मागून पत्र्यावर थाप मारायचा, एक थाप म्हणजे थांब. आता मागं कोण आहे ते कॅमेऱ्यात दिसतं, कॅमेऱ्यावर चिखल नसेल तर. रात्री झोपलो की डिझेल चोरतात, म्हणून झोप अर्धी. मालकाला जीपीएसवर दिसतं गाडी कुठं उभी आहे आणि किती वेळ. फोन येतो, का थांबलास. टायर बघायला थांबलो हे त्याला जीपीएसवर दिसत नाही.

आणि मी टायर बघतो का? खरं सांगतो, चौदाच्या चौदा नाही बघत. बाहेरचे डोळ्यानं बघतो.

नागपूरकर_चासी
चौदा_टायर भाऊ, तू शिकला कोणापाशी?

चौदा_टायर
मामाच्या गाडीवर. दीड वर्ष क्लीनर होतो, २००८-०९. पहिल्यांदा स्टीअरिंग दिलं ते रात्री अडीच वाजता, धुळ्याच्या पुढं, सरळ रस्ता बघून. मामा म्हणाला, मी झोपत नाही, डोळे मिटून पडतो. पाच मिनिटांत घोरायला लागला. तसा मीच बहुतेक शेवटचा असेन आमच्यातला. आताची पोरं स्कूलमध्ये जातात, आठ फेऱ्या मैदानात, लायसन, आणि थेट गाडी.

पायरीवर
दीड वर्षाचा पगार किती होता?

चौदा_टायर
मामाच्या गाडीवर पगार? जेवण, ताई.

सहाटायर
बरं झालं गेला तो क्लीनर, असं पण वाटतं कधी. लहान पोरं होती ती. मी पण होतो. उस्ताद शिकवायचा तसा मारायचा पण, ते मी वर गमतीत लिहिलं. टपली नव्हती ती. गिअर कळायला मार लागत नाही, हे मला माझा क्लीनर आल्यावर कळलं.

फाळका
तीन दिवस इकडे आलो नाही, माफ करा. अण्णांना हा सगळा धागा वाचून दाखवला, उजवीकडे बसून. चासीवाल्या भाऊंचं दोनदा वाचायला लावलं. चौदा_टायरचं "बाहेरचे डोळ्यानं बघतो" आलं तेव्हा काही बोलले नाहीत.

काल संध्याकाळी शेजाऱ्याचा सहाटायर टेम्पो आमच्या दारासमोर उभा होता, द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटनी भरलेला. अण्णांनी टामी मागितली. काठी एका हातात, टामी एका हातात, गाडीला फेरी मारली. मी म्हटलं, अण्णा, तुम्हाला आवाज तरी येतो का? ते म्हणाले, "कानानं कोण ऐकतंय. हाताला कळतं." मागच्या डाव्या जोडीत बाहेरच्यावर एक, आतल्यावर एक अशी मारली, परत आतल्यावर मारली आणि तिथंच उभे राहिले.

शेजाऱ्यानं आधी उडवून लावलं, मग गेज आणून लावला. बाहेरच्यात १०५. आतल्यात ६०.

तो पंक्चरवाल्याला फोन लावायला लागला तर अण्णा म्हणाले, "थुंकी लावून व्हॉल्व्ह बघ आधी." बुडबुडा आला.